न लिहिलेली सभा

शाळा बंद पडून एकतीस वर्षं झाली होती, तरी तिचे दोन जुने विद्यार्थी कुठं भेटले की तिसऱ्याला तिथून काढता पाय घ्यावा लागे. आमच्या शाळेत घंटा नव्हती, आमच्या शाळेत पहिला नंबर नव्हता आणि शेवटचाही नव्हता, आमच्या शाळेत मोठ्या बाईंना जेवढं एक मत तेवढंच आठवीतल्या पोराला आणि तेवढंच फाटकावरच्या पहारेकऱ्याला. ऐकणाऱ्याचे कान किटत, सांगणाऱ्याचं तोंड दुखत नसे. अशा माणसांनी एके दिवशी ठरवलं की शाळेचा इतिहास लिहून छापायचा. आता हे काम कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता, कारण त्यांच्यातल्या एकीचा छापखाना होता.

तिला सगळे हरकत म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण शाळेच्या सभेत दर दहा मिनिटांनी उठून "माझी हरकत आहे" असं म्हणणाऱ्या मुलीला दुसरं नाव उरत नाही. पंचेचाळिशी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. नवराही त्याच नावाने हाक मारी आणि वर म्हणे, लग्नाच्या वेळी तेवढी घेतली नाहीस हे माझं नशीब. छापखाना लहानसाच. दोन यंत्रं, एक कागद कापायचं, एक बांधणीचं टेबल आणि त्या टेबलाशी वीस वर्षं बसलेली बांधणीवाली बाई. पावतीपुस्तकं, औषधांच्या बाटल्यांची लेबलं, दवाखान्यांचे फॉर्म, असला रोजचा माल. हरकतीला वाटलं होतं की आपल्याला फक्त छापायचं आहे. पण तुझ्या हाताखालूनच जायचंय तर लिहूनही तूच टाक, असं म्हणून मंडळी मोकळी झाली, आणि सभेची सगळी जुनी इतिवृत्तं तिच्या टेबलावर येऊन पडली.

सहा महिने तिने जीव ओतून काम केलं. लोकांकडून फोटो मिळवले, पत्रं मिळवली, शाळेच्या इमारतीतही जाऊन आली. ही इमारत मुळात वजनकाट्यांचा कारखाना. सरकारला प्रयोग म्हणून एक शाळा काढायची होती आणि प्रयोगाला नवी इमारत देण्याइतका त्या प्रयोगावर विश्वास नव्हता, म्हणून हा रिकामा कारखाना दिला. आता तिथं परवाने देण्याचं कार्यालय आहे. ज्या मोठ्या खोलीत दर शनिवारी सभा भरायची तिथं काचेच्या सहा खिडक्या आणि सहा रांगा. हरकत एका रांगेत उगीच वीस मिनिटं उभी राहिली, कारण बिनकामाच्या माणसाला आत थांबू देत नव्हते. खिडकीशी नंबर आल्यावर बाबूने विचारलं, काय काम आहे? ती म्हणाली, छत बघायचं होतं. लोखंडी तुळईला काटे टांगायचे आकडे अजून तसेच होते. बाबूने मान वर करून पाहिलं. अकरा वर्षं त्या छताखाली बसून त्याला ते दिसले नव्हते.

पुस्तकाची तेरा प्रकरणं झाली. चौदावं, म्हणजे शाळा बंद कशी झाली, तिथं घोडं अडलं.

हे का अडलं ते कळायला सुतारमास्तर माहीत असायला हवेत. शाळेत बाकी सगळ्या शिक्षकांना ताई आणि दादा म्हणत, मास्तर म्हणायचे ते या एकालाच. ते आले होते खिडक्यांच्या चौकटी बसवायला. चौकटी बसवता बसवता भोवती पोरं जमली, आणि मास्तरांनी चार फळकुटं ठोकून दाखवलं की चौकोन का डुगडुगतो आणि त्यात एक तिरपी पट्टी मारली की का हलत नाही. भूमितीच्या नावाने ज्यांची पाचावर धारण बसायची ती पोरं जेवायची सुट्टी सोडून तिरप्या पट्ट्या ठोकू लागली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापक. त्यांनी हे दारातून पाहिलं. शिक्षक निवडायची मुभा त्या शाळेला होती. चौकटींचं काम संपलं त्या दिवशी त्यांनी मास्तरांना विचारलं, उद्यापासून येता का? मास्तर आले आणि बारा वर्षं राहिले.

आता त्या शाळेची एक पद्धत. सभेचं इतिवृत्त लिहायला कारकून नव्हता. पाळी असे. या शनिवारी नववीतला कुणी, पुढच्या शनिवारी विज्ञानवाली ताई, त्याच्या पुढच्या शनिवारी पहारेकरी. मास्तरांची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्या बोटाला पट्टी होती. दुसऱ्यांदा चष्मा घरी राहिला होता, आणि मास्तर चष्मा लावत नव्हते. तिसऱ्या वेळी दात दुखत होता. अशी वर्षांवर वर्षं गेली. लोक समजूतदार होते, बोलत नव्हते. पण हरकत आठवीत आली आणि तिच्या अंगात नवा उत्साह होता. ती उठली आणि म्हणाली, माझी हरकत आहे, दात हातात असतो का? सभा हसली. मास्तर उभे राहिले. टोपी काढून त्यांनी हातात धरली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मला लिहिता-वाचता येत नाही.

तेव्हाची ती शांतता हरकतीला आजही आठवे आणि आजही तिचे कान तापत. पण त्या शाळेचा अभिमान वाटायचा तो यासाठी की पुढं कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. शेवटच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, मग सोमवारपासून बसू या का? बसले. चार महिने रोज जेवायच्या सुट्टीत, रंध्याच्या भुशात, पोरांनी मास्तरांना लिहायला शिकवलं. चुका दाखवताना पोरं मास्तर त्यांना सांगत तसंच बोलायची, घाई नको, आधी खूण कर, मग काप. चार महिन्यांनी मास्तरांनी सभेचं इतिवृत्त लिहिलं. सगळं मिळून तीन ओळी. तुटलेली स्टुलं दुरुस्त करायची ठरली, पाण्याची टाकी धुवायची ठरली, आणि तिसरी ओळ अशी: हे मी माझ्या हाताने लिहिलं, याआधी मला लिहिता येत नव्हतं. ती त्यांनी उभं राहून वाचली तेव्हा सगळी सभा उभी राहिली होती.

दोन वर्षांनी मान्यतेची मुदत संपत आली आणि तपासणी अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. तीन दिवस राहिला, वर्ग पाहिले, पोरांशी बोलला. जाताना त्याने विचारलं, तुमच्या शाळेने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट दाखवा. दुसऱ्या कुणी निकाल दाखवले असते, कपाटातले चषक दाखवले असते. मोठ्या बाईंनी इतिवृत्ताची वही काढली आणि तेच पान उघडून पुढं ठेवलं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण ती चूक करायलासुद्धा तशीच शाळा लागते, आणि त्यांनी ती छाती फुगवून केली.

महिन्याभराने पत्र आलं. निकाल समाधानकारक, शिस्त समाधानकारक, सभेची पद्धत अनोखी असली तरी आक्षेप नाही. मात्र ज्याला दोन वर्षांपूर्वीपर्यंत अक्षरओळख नव्हती असा इसम शिक्षकपदावर आहे हे शाळेच्याच दप्तरावरून सिद्ध होते. त्यास तात्काळ दूर केल्यास मान्यता पुढे चालू राहील. अन्यथा नाही.

ते पत्र ज्या शनिवारी सभेत वाचलं गेलं त्या शनिवारी मास्तर नव्हते. त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. खरं म्हणजे पत्र वाचायला शनिवारच तसा निवडला होता. अध्यक्षपदाची पाळी दहावीतल्या हरकतीची होती. मोठ्या बाईंनी पत्र वाचलं आणि खाली बसल्या, आपलं मत सांगितलं नाही. तिच्याच वर्गातला एक मुलगा, जो पुढं वकील झाला, त्याने ठराव मांडला: मास्तरांना काढायचं नाही, शाळा बंद झाली तरी चालेल. आठवीतल्या एकाने विचारलं, मग आम्ही कुठं जायचं? मोठ्या बाई म्हणाल्या, दुसऱ्या शाळेत जायचं आणि त्यांनाही काही शिकवायचं. पहिला हात पहारेकऱ्याने वर केला. त्याची तर नोकरीच जाणार होती. मग भराभर सगळे हात वर गेले. एकशे अडतीस हजर, एकशे अडतीस हात. नंतर आणखी एक गोष्ट ठरली, की मास्तरांना यातलं काही कळता कामा नये. अळीमिळी गुपचिळी. म्हणून इतिवृत्तही लिहिलं नाही, कारण मास्तर दर सोमवारी मागचं इतिवृत्त बोट ठेवून वाचत, सराव म्हणून. पंधरा वर्षांत ती एकच सभा लिहिली गेली नाही.

मास्तरांना सांगितलं की पोरं कमी पडली, म्हणून सरकारने शाळा बंद केली. ते त्यांनी खरं मानलं. एकतीस वर्षं ते लोकांना तेच सांगत आले होते, पोरं कमी पडली हो, नाहीतर अशी शाळा कुठली बंद पडायला.

आणि आता पुस्तक छापलं की पहिली प्रत मलाच हवी, असं मास्तर दोनदा छापखान्यात येऊन सांगून गेले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते वाचणार, तेही ओळीवर बोट ठेवून, एक अक्षर न सोडता. त्यांना वाचायला याच लोकांनी शिकवलं होतं. खरं लिहावं तर दिलेला शब्द मोडतो आणि म्हातारपणी मास्तरांच्या उरावर धोंडा बसतो की शाळा आपल्यापायी गेली. खोटं लिहावं तर शाळेने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट मातीत जाते, आणि पुढं कुणी वाचलं तर त्याला वाटेल, प्रयोग होता, फसला.

हरकतीने वकिलाला फोन केला. कोर्टात काय बोलत असेल ते असो, त्या दिवशी तो कळवळून बोलला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने दोनदा सांगितलं. शब्द म्हणजे शब्द. एकशे अडतीस जणांपैकी निम्मे आता कुठं आहेत ते माहीत नाही, त्यांना न विचारता तू एकटी ठराव कसा फिरवतेस? मुद्दा बिनतोड होता आणि त्याच्यावर हरकतीला हरकत घेता येईना. तिने फोन ठेवला आणि चौदाव्या प्रकरणात एक वाक्य लिहिलं: विद्यार्थिसंख्या घटल्यामुळे शाळा बंद करण्यात आली. बांधणीवाली बाई कच्ची पानं वाचत होती. तिने ते पान उलटं करून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून. मग एवढंच विचारलं, की एवढ्या मोठ्या गोष्टीचा शेवट एवढाच?

हरकतीने ते वाक्य खोडलं. तिने मनाशी ठरवलं की मास्तरांना आधी तोंडी सांगायचं. ते नको म्हणाले तर छापायचं नाही, पण त्यांना न विचारता आता काहीच करायचं नाही.

मास्तरांचं घर म्हणजे पुढं कामाची खोली आणि मागं राहायच्या दोन. ती गेली तेव्हा ते एका खणाला तळाची फळी बसवत होते. शिकंज्यात खण पकडलेला, सरसाचं भांडं गरम, भिंतीवर पटाशा मापाने लावलेल्या. काकू, म्हणजे त्यांची बायको, दाराशी धान्य निवडत बसल्या होत्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून खडा दिसत होता. हरकतीने लांबण लावली नाही. पत्र सांगितलं, सभा सांगितली, ठराव सांगितला. मास्तरांचे हात चालूच होते. ती थांबली तेव्हा त्यांनी फडक्याने बोटांचा सरस पुसला.

"अध्यक्ष कोण होतं?"

"मी."

"ठराव कुणी मांडला?"

तिने वकिलाचं नाव घेतलं. मास्तरांनी हजर किती, बाजूने किती, असं सगळं रीतीने विचारून घेतलं. दाराशी काकूंचे हात थांबले होते. त्या स्वतःशीच म्हणाल्या की तरीच, त्या दिवशी शाळेने दवाखान्यात एवढी फळं का धाडली ते मला कधी कळलं नव्हतं. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही.

"मला बोलावणं गेलं होतं?"

"नाही."

"ज्याच्याबद्दल सभा आहे तो समोर असल्याशिवाय मतं घ्यायची नाहीत. हा आपला नियम होता का नव्हता?"

"होता."

"तू हरकतीशिवाय पाणी पीत नव्हतीस. त्या दिवशी काय झालं होतं?"

अध्यक्षाला हरकत घेता येत नाही म्हणून गप्प बसले, अशी समजूत तिने एकतीस वर्षं स्वतःची घातली होती. ती खोटी होती आणि मास्तरांसमोर ती तिच्या तोंडून निघेना. "नियम आठवत होता," ती म्हणाली. "पण तुम्हाला बोलावलं असतं तर तुम्ही राजीनामा खिशात घालून आला असता. मग आम्हाला काही करताच आलं नसतं. आम्हाला ते करायचं होतं, मास्तर. इतकं चांगलं काहीतरी करायची संधी आम्हाला सोडायची नव्हती."

"म्हणजे मोठेपणा तुमचा आणि भोपळा माझ्या हातात."

तिला वाटलं होतं की ते रडतील, किंवा गप्प होतील, किंवा हात जोडतील, आणि त्या प्रत्येकासाठी ती घरून तयारी करून आली होती. मास्तर संतापतील याची तयारी तिने केली नव्हती. आवाज त्यांनी चढवला नाही, पण बोलायचं ते सगळं बोलले. बारा वर्षं मी तुमच्यात एक मत घेऊन बसलो. टाकी कधी धुवायची यावर माझं मत घेतलंत, स्टुलांना कुठला रंग द्यायचा यावर घेतलंत, आणि शाळा ठेवायची की मला ठेवायचं, याच्यावर नाही घेतलंत. लिहिता येत नव्हतं तेव्हा मला माझी लाज वाटायची. पण तेव्हासुद्धा माझा हात मोजला जायचा. एवढं बोलून त्यांनी शिकंजा सोडवला, खण काढला आणि नीट बसलेली फळी पुन्हा काढायला घेतली. जायची वेळ झाली हे हरकतीला कळलं. छापू की नको, हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी येऊन तिने वकिलाला कळवलं की सांगितलं, आणि ते रागावलेत. वकील म्हणाला, त्यांचं बरोबर आहे ग, ती सभा कायद्यात बसतच नव्हती. ज्याचा निवाडा त्याला आधी ऐका, हेच कोर्टात तो रोज सांगे, आणि पंधराव्या वर्षी स्वतः मांडलेल्या ठरावात त्याला हे दिसलं नव्हतं. हरकतीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान धरला तिच्यात असं भोक निघालं होतं. आणि तरीही अभिमान काही कमी होत नव्हता, हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं. पोरं होतो आम्ही, आणि आम्ही ते केलं. चुकीच्या रीतीने केलं, पण केलं.

तीन दिवस तिने यंत्र लेबलांवर लावून ठेवलं. चौदावं प्रकरण कोरंच.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तर छापखान्यात आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, आता खरोखरच लागणारा चष्मा. एक औषधदुकानदार आपली पावतीपुस्तकं न्यायला आला होता, तो बाकावर बसून वाट बघत होता. मास्तर त्याच्या शेजारी बसले नाहीत. टेबलासमोर उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली. बांधणीवाल्या बाईने सुई थांबवली.

"राग गेलेला नाही," ते म्हणाले. "पण तीन दिवस रागात बसून मी त्या सभेत जाऊन आलो. बसलो माझ्या जागेवर. पत्र ऐकलं. आणि माझं मत ठरवलं. ते नोंदवायला आलोय."

हरकतीने कागद पुढं ओढला.

"मी विरोधात आहे. शाळा राहायला हवी होती. सुताराला सुतारकाम कुठंही मिळतं. शंभरावर पोरांना तशी शाळा कुठं मिळाली? नाही मिळाली. तेव्हा ठराव चुकीचा होता, असं माझं म्हणणं आहे. लिही."

ती लिहू लागली आणि तिचं अक्षर बिघडलं. तिला सांगणं भाग होतं म्हणून ती म्हणाली, "मास्तर, तुमचं मत धरूनही ठराव पडत नाही."

"मोजता मला तुमच्याआधीपासून येतं. बहुमत माझ्या विरुद्ध गेलं, ते मला मान्य आहे. सभेने ठरवलं ते ठरवलं." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "हे बघ, तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, एवढ्या सगळ्यांनी माझ्या झोळीत काहीतरी घातलं आणि मी ते डोळे मिटून खाल्लं. कुणाच्या तोंडाकडे बघायची सोय राहिली नाही. पण मी विरोधात मत दिलं आणि हरलो, तर तसं नाही. मग मी तुमच्यातला एक. मग मला मान खाली घालायचं कारण नाही. आता छाप. सगळं छाप, पत्रसुद्धा."

वकील म्हणाला असता की एकतीस वर्षांनी घातलेलं मत कुठल्याच नियमात बसत नाही. त्याला तिने विचारलंच नाही. ती त्या सभेची अध्यक्ष होती आणि सभा संपली असं अजून कुणी जाहीर केलेलं नव्हतं.

तिने तिथंच बसून चौदावं प्रकरण लिहून काढलं. दुकानदाराची पुस्तकं बांधून झाली होती, पण काय चाललंय ते बघत तो बसूनच राहिला. दुपारी पहिला कागद यंत्रातून निघाला. शाई ओली होती, हरकतीने तो कडांना धरून मास्तरांच्या पुढं बांधणीच्या टेबलावर पसरला. मास्तरांनी चष्मा वर सारला आणि शाई पुसू नये म्हणून बोट कागदापासून जरा वर धरून ते वाचू लागले. मोठ्याने, एकेक शब्द सुटा, जसे त्या मोठ्या खोलीत वाचत असत तसे.

"ठराव. मास्तरांना काढायचं नाही, शाळा बंद झाली तरी चालेल. बाजूने एकशे अडतीस. विरोधात एक. ठराव मंजूर."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, यावेळी मनात. बांधणीवाली बाई पदराने डोळे टिपत होती. औषधदुकानदाराला सगळं समजलं नव्हतं, पण काहीतरी मोठं झालंय एवढं कळलं होतं. तो उठून टेबलाशी आला आणि सगळ्या जगाच्या विरोधात मत देणारा तो एक कोण होता, असं त्याने अदबीने विचारलं.

मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ती नीट सारखी केली.

"मी," ते म्हणाले.